गाजरांचा हार आणि पाजींची क्रेन

मला पत्रकं लिहिता येतात. कविता येत नाही, नोकरीचा अर्ज तर धमकीच्या पत्रासारखा होतो. पण ‘बंधू-भगिनींनो’पासून ‘जाब विचारा’पर्यंत कागदाच्या दोन्ही बाजू भरून हव्या असतील तर मला पाऊण तास पुरतो. ही विद्या मी सांगलीला कॉलेजात असताना शिकले. एसटी वेळेवर येत नाही, काढा पत्रक. वसतिगृहात पाणी येत नाही, काढा पत्रक. त्यातनं पाणी आलं नाही, एसटी आली नाही, पण माझा हात मात्र बसला.

म्हणून आमच्या गावचे पाजी तिसऱ्यांदा पंचायत समितीला उभे राहिले तेव्हा त्यांचं ‘जीवन आणि कार्य’ लिहायला मलाच बोलावणं आलं. मी म्हटलं, पाऊण तासाचं काम आहे. तो कागद शेवटपर्यंत लिहून झाला नाही. का झाला नाही ते सांगते.

आमचं गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, हमरस्त्यापासून थोडं आत. पाजी शीख. गावात शिखांचं तेवढं एकच घर. पगडी, दाढी, हातात कडं, सगळं आहे, आणि तोंड उघडलं की आमच्यातल्या कुणाहीपेक्षा गावठी मराठी. पगडीवरचे आणि फेट्यावरचे विनोद मी इथं करणार नाही. ते गावानं पन्नास वर्षांत वापरून झिजवलेत, आणि त्यातले निम्मे पाजींनीच केलेत.

त्यांचे वडील ट्रकवर होते. ट्रकचा गिअरबॉक्स आमच्या फाट्यावर बसला, सुटा भाग यायला अकरा दिवस लागले, आणि बाराव्या दिवशी त्या माणसानं तिथंच गॅरेज टाकायचं ठरवलं, असं सांगतात. ते अकरा दिवस त्यांना भाकरी कुणी दिली, हा आमच्या गावातला आजवर न मिटलेला वाद आहे. प्रत्येक आळी म्हणते आमच्या घरची. त्या सगळ्या भाकऱ्या खरंच खाल्ल्या असत्या तर तो माणूस ट्रकखाली जाऊच शकला नसता.

पाजी इथंच जन्मले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, ग्रामपंचायतीला तीनदा निवडून आले, एकदा उपसरपंच झाले. पण त्यांचं खरं पद म्हणजे क्रेन. पिवळी, म्हातारी, चालू होताना खोकते. कारखाने सुरू झाले की आमच्या रस्त्यांवर उसाची ट्रॉली पलटी होण्याला काही घटना म्हणत नाहीत, ते हवामान असतं. मग फोन जातो पाजींना. ट्रॉली कुठल्या गटाची, कुठल्या कारखान्याची, असलं ते काही विचारत नाहीत. एकच विचारतात, कुठल्या अंगावर पडली.

आणि हंगाम नसला की हार. हल्ली पुढाऱ्याच्या गळ्यात मावेल असा हार कुणी घालत नाही. हार एसटीएवढा पाहिजे, तो क्रेनला टांगलेला पाहिजे, पुढाऱ्यानं खाली उभं राहून नदीला पूर आल्यागत वर बघायला पाहिजे, मग तो सत्कार. आमच्या दोन जिल्ह्यांत गेली काही वर्षं जी माणसं निवडून आली, त्यांतल्या लय जणांच्या डोक्यावर जो हार लोंबला तो पाजींच्या क्रेनचा. सफरचंदांचे, मोसंब्यांचे, एकदा ढोबळी मिरचीचा. निवडणूक लागली की दोन्ही बाजूंचे लोक एकाच दिवशी येऊन क्रेन सांगून जायचे. पाजी दोघांनाही हो म्हणायचे. दोघं तर एकाच वेळी निवडून येणार नव्हते.

स्वतः ते पंचायत समितीला दोनदा पडले. दोन्ही वेळेला दुपारी निकाल ऐकला आणि संध्याकाळी जिंकलेल्याचा हार उचलायला गेले. ठरलं होतं, म्हणे. दुसऱ्या वेळेला मी तो फोटो पाहिला आणि मला इतका संताप आला की मी त्यावर एक पत्रक लिहिलं. कुणाला उद्देशून लिहायचं ते कळेना, म्हणून तसंच पडून आहे.

तिसऱ्या वेळेला काकींनी अट घातली. काकी म्हणजे पाजींच्या बायको, मिरजेच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. पंजाबी, मराठी, कन्नड, हिंदी अशा चार भाषांतनं रागावतात, आणि अंतिम निर्णय मराठीत देतात. गॅरेजच्या दारात, माझ्यादेखत म्हणाल्या, “ह्या बारीला पडलासा तर क्रेन इकायची आन पोराकडं पिंपरीला जायाचं. गाव आपलं न्हाई म्हणतंय, तर किती दिवस म्हणवून घ्यायचं?”

पाजी साखळीला ग्रीस लावत राहिले. काकी नुसत्या बोलून थांबणाऱ्या नाहीत. कराडचं एक गिऱ्हाईक येऊन क्रेन बघून गेलं होतं, आणि निकालाच्या संध्याकाळी पक्कं करायला परत येणार होतं.

तर असं होतं सगळं. पाजी पडले असते तर नुसते पडले नसते, गेलेच असते. माझ्या पत्रकावर एवढा भार कधी आला नव्हता.

समोर होते दादा. दोनदा सभापती, आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. बंगला कराडात, मत आमच्या गावात. त्यांनी चार रंगांत पत्रक काढलं होतं: ‘आपला कोण, बाहेरचा कोण?’ खाली पाजींचं नाव नव्हतं, पण क्रेनचं चित्र होतं आणि ती क्रेन उत्तरेकडं तोंड करून निघालेली होती. हे वाचून माझे कान गरम झाले. बाहेरचा? हा माणूस इथल्या शाळेत छड्या खाल्लेला, इथल्या तालमीत हात मोडून घेतलेला. आणि दादांचे सख्खे आजोबा खंडाळ्याकडून इथं दत्तक आलेले. मी हे सगळं एका दमात लिहून काढलं, मथळा दिला ‘बाहेरून कोण आलं ते आम्ही सांगतो’, आणि गॅरेजात नेऊन वाचून दाखवलं.

पाजींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “हे नको गं बाय. दत्तक आलेलं म्हंजे कुनीतरी मागून घेतलेलं. आमाला तर कुनी मागितलंबी न्हवतं.”

आणि खोडलं.

बरं, म्हटलं, टीका नको, कार्य घेऊ. मी आठ दिवस गावोगाव हिंडून यादी केली. पाजींनी कुणाकुणाची ट्रॉली उचलली, कुणाचा टेम्पो विहिरीच्या काठावरनं ओढला, कुठल्या लग्नाची बस नवरदेवासकट ओढ्यातनं काढली. लोक हसून हसून सांगत होते. नवरदेवानं तर मला चहा पाजून, तो त्या दिवशी कसा खिडकीतनं बाहेर आला ते करून दाखवलं. असलं कार्य कुठल्या कार्यसम्राटाकडं असतं? मी चार पानं भरली आणि नेली.

पाजींनी तीही खोडली. पलटी कुणाची झाली हे सांगायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. माणूस आडवा पडलेला असतो तेव्हा त्याला आपण बघितलं, एवढंच लय झालं. आणखी चारचौघांना कशाला दाखवायचं? मी म्हटलं, पाजी, ते स्वतःच हसून सांगतायत. तर म्हणाले, त्यांनी सांगितलं तर ते त्यांचं. आपण सांगितलं तर ती चहाडी.

मग मी शेवटचा पत्ता काढला. वडिलांनी मला एकदा, चुकून, सांगितलं होतं. दहाएक वर्षांपूर्वी दादांनी दारूबंदीच्या ठरावावर तालुक्याच्या सभेत जोरदार भाषण केलं, आणि त्याच दिवशी उन्हं उतरता उतरता त्यांची गाडी कालव्यात गेली. गाडी का गेली हे त्यांच्या जड जिभेवरनं कळत होतं. पाजींनी क्रेन नेली, गाडी काढली, दादांना घोंगडं पांघरून घरी पोचवलं. साखळी धरायला माझे वडील होते. त्या एका चुकीखेरीज दोघंही तेव्हापासून गप्प.

हे छापलं असतं तर दादा घरीच बसले असते. मी ते लिहिलं, आणि खरं सांगते, आजवर माझ्या हातनं उतरलेलं ते सगळ्यांत देखणं पत्रक होतं. एकेका वाक्याला धार होती. पाजींनी कागद घेतला, इंजिनाची ऑईल मापायची कांडी काढली, माझ्या पत्रकानं स्वच्छ पुसली, परत घातली आणि म्हणाले, ऑईल कमी हाय.

मी त्यांना तोंडावर सांगितलं, की तुम्ही पडणार, आणि तुमच्यापायी हे गाव परत त्याच माणसाच्या ताब्यात जाणार, आणि हा चांगुलपणा नाही, हा आळस आहे. इतकं बोलायला नको होतं. काकी आतून म्हणाल्या, बोल बोल, मी तीस वर्सं बोलतीया.

शेवटी पत्रक निघालं. वर पाजींचा फोटो, खाली चिन्ह, मधे चिडून मी लिहिलेल्या दोन ओळी: ‘जीवन: इथंच. कार्य: चालू आहे.’ आणि त्याखाली पाजींनी स्वतः सांगितलेली एक ओळ, नंबरासकट: ‘पलटी झाल्यास फोन करावा.’ एवढ्या लाजेचं काम मी कधी केलं नव्हतं. लोकांनी ते पत्रक घडी घालून ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवलं, हे मला नंतर कळलं.

निकालाचा दिवस उजाडला. मोजणी तालुक्याला. पाजी तिकडं गेलेच नाहीत. आमच्या बाजूनं मोजणीला बसले होते आमचे निवृत्त गुरुजी, कारण त्यांना आकडे नुसते ऐकून पाठ होतात. आम्ही सगळे फाट्यावर गॅरेजापाशी. आणि तिथं पोचल्यावर मी क्रेनकडं बघितलं.

तालमीतल्या पोरांनी हार आणला होता. निकालाच्या आधी. क्रेनला टांगून, तारेनं आवळून, वर पाजींच्या फोटोचा फलक बांधून मोकळे झाले होते. का, तर म्हणे जिंकल्यावर सगळीकडं क्रेनची मारामारी असते, आपली आपल्यालाच मिळायची नाही. हे एक वेळ चाललं असतं. पण हार होता गाजरांचा. लालभडक, पाल्यासकट, दोन माणसं उभी मावतील एवढा. आम्ही पंधरा दिवस प्रत्येक सभेत बोंबलत होतो की दादा जनतेला गाजर दाखवतात. माझं स्वतःचं वाक्य होतं ते, टाळ्या पडायच्या. आणि आता आमच्याच क्रेनला सगळ्या तालुक्याला दिसतील अशी पोतीच्या पोती गाजरं लोंबत होती.

मी विचारलं, हे कुणाचं डोकं? एक जण म्हणाला, “आगं, आष्ट्याच्या बाजारात सफरचंदापरीस लय स्वस्त हुती. आन लाल दिसत्यात की.”

मी पोरांना शिव्या घालत होते आणि हलगीवाले हलगी शेकत होते. पाजी हाराकडं बघून एवढंच म्हणाले की ओझं एका अंगाला जास्त झालंय. काकी डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. कराडच्या गिऱ्हाइकाचा फोन येऊन गेला होता, पाचपर्यंत येतो म्हणाला.

गुरुजींचा पहिला फोन आला: मागं आहोत. दुसरा आला: अजून मागं आहोत, पण थोडे कमी. तेवढ्यात तिसरा फोन वाजला, तो गुरुजींचा नव्हता. ओढ्याच्या वळणावर डबल ट्रॉली पलटी झाली होती, आणि ड्रायव्हर खाली अडकला होता. ट्रॉली दादांची होती.

पाजी उठले आणि क्रेनवर चढले. पोरं ओरडली, हार, हार काढू द्या. तारा बघितल्या तर पोरांनी अशा पिळल्या होत्या की सोडवायला अर्धा तास. पाजींनी इंजिन चालू केलं, ते खोकलं, आणि क्रेन हारासकट रस्त्याला लागली. मी बाजूच्या पायरीवर चढून दांडा धरला, कारण फोन माझ्याकडं होता आणि गुरुजींचा चौथा फोन यायचा होता.

आता लक्षात घ्या, ही क्रेन कितीही पळवली तरी सायकलच्या पुढं जात नाही. पुढं तिचा तो लांब हात, त्याला डुलणारी गाजरं, वर पाजींचा हात जोडलेला फोटो. हलगीवाल्यांना वाटलं, सुरू झालं. ते वाजवत मागं निघाले. हलगी निघाली म्हटल्यावर पोरं निघाली. पोरांच्या खिशात गुलाल होता. आम्ही एक माणूस वाचवायला निघालो होतो आणि आमच्या मागं तीस जण नाचत होते.

पहिल्या वस्तीवर लोक धावत बाहेर आले. गाजरांचा हार, क्रेनवर साक्षात पाजी, मागं हलगी. आणखी काय सांगायला पाहिजे? गुलाल उधळला. एक आजी ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, ओवाळल्याबिगर सोडत नाही म्हणून. पाजी वरनं ओरडले, “आक्का, आजून निवडून न्हाई आलो. वाट सोड, माणूस अडकलाय.”

“किती गं गरीब स्वभाव,” आजी शेजारणीला म्हणाली, आणि ओवाळलंच.

पुढची वस्ती दादांच्या माणसांची. तिथं मांडव घातला होता, पेढे आले होते. आमची वरात दिसली तशी मांडवातली माणसं गप्प झाली. एकानं खुर्च्या आवरायला घेतल्या. मी पायरीवरनं ओरडून सांगत होते, अहो थांबा, तुम्ही पुढं आहात, आम्ही मागं आहोत. असलं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच विरोधकांना ओरडून सांगत होते, आणि हलगीपुढं ते कुणाला ऐकू जात नव्हतं. माझ्या डोळ्यांत गुलाल गेला होता, मी रडत होते की हसत होते ते मलाच ठाऊक नाही.

ओढ्यावर पोचलो. पुढची ट्रॉली आडवी, मागची तिच्यामागं कलंडलेली, रस्ताभर ऊस. मागं ऊसतोड्यांच्या बैलगाड्यांची रांग अडकलेली. ड्रायव्हर ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे कमरेपर्यंत मोळ्यांखाली. शुद्धीवर होता. पाजी खाली उतरून त्याच्याजवळ बसले आणि त्यांनी वर हात केला. हलगी एकदम बंद.

ड्रायव्हरनं हाराकडं बघितलं, मग पाजींकडं. “आवं पाजी, निकाल लागला व्हय?”

“न्हाई आजून. पाय हलतोय का?”

“हलतोय. पाजी, खरं सांगू? मी तुमाला मत दिलं न्हाई.”

“आसू दे. कुठला हलतोय, डावा का उजवा?”

“दोन्ही. मालकाचं मीठ खातो, म्हनून न्हाई दिलं.”

“ब्येस केलंस. आता बोलू नगंस, पोट आत घे.”

तोवर पोरांनी पक्कड आणून तारा तोडल्या, हार रस्त्याच्या कडेला धप्पकन उतरवला. पाजींनी पट्टा घातला, साखळी लावली, मला म्हणाले मोळ्या काढायला लाव सगळ्यांना. जी तीस माणसं नाचत होती तीच आता ओळीनं ऊस उचलायला लागली, तोंडं गुलाबी, घाम गुलाबी. त्या गडबडीत कडेला काय चाललंय ते कुणी बघितलं नाही. ऊसतोड्यांच्या बैलांनी बघितलं. पहिल्या गाडीच्या बैलांनी मान खाली घातली, मग दुसऱ्या गाडीच्या. आमचा विजयाचा हार दोन्ही टोकांनी आखडत चालला होता.

पुढची ट्रॉली वर उचलली, ड्रायव्हर बाहेर निघाला. पायाला खरचटलं होतं, एक बोट सुजलं होतं, बाकी धड. बाहेर आल्या आल्या त्यानं तंबाखू मागितली. मी तिथंच उसावर बसले.

आणि तेवढ्यात दादांची गाडी आली. दादा उतरले. मी तो चेहरा ओळखते, पडलेल्या माणसाचा चेहरा. आम्ही तो दोनदा पाजींच्या घरात बघितला होता. ते सरळ पाजींकडं गेले आणि हात पुढं केला. “अभिनंदन, पाजी. मोजणीत बसवंना, म्हनून आलो.”

पाजी साखळी सोडत होते. “कशाचं अभिनंदन? आजून मोजायल्यात.”

“मग ही मिरवणूक?”

“मिरवणूक कुठली? तुमची ट्रॉली पडली म्हनून आलोय. हार पोरांच्या तारांतनं निघाला न्हाई.”

दादांनी गुलालातल्या तीस माणसांकडं बघितलं. हाराकडं बघितलं, तो आता कमरपट्ट्याएवढा उरला होता. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्या माणसांनी फोन करून सांगितलं होतं की पाजींची मिरवणूक निघाली, वस्तीवरचा मांडव काढला, आणि हा गडी मोजणी अर्धी टाकून उठून आला होता. पुढं असताना. दादांनी कपाळावर हात मारला आणि मग असे हसायला लागले की मिशी दोन्ही हातांनी धरावी लागली. पाजी हसले. ड्रायव्हर हसला. मी नाही हसले, मी पत्रकवाली बाई आहे, मला त्या क्षणी वाटत होतं की असल्या माणसांच्या हातात लोकशाही आहे. मग मीही हसले.

मागची ट्रॉली अजून उचलायची होती. पाजी परत चढले. दादांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि साखळीचं दुसरं टोक धरलं. म्हणाले, मला ठाऊक आहे कशी धरायची. मला नवल वाटलं. पाजींनी लिव्हर ओढला.

ट्रॉली अर्धी वर आली होती तेव्हा गुरुजींचा फोन वाजला. गुरुजी कधी घाई करत नाहीत. त्यांनी आधी विचारलं जेवण झालं का. मग सांगितलं, शेवटची पेटी आपल्याच गावची होती, आपण आलो, फरक अगदी सांगण्यासारखा नाही, पण आलो. मी ओरडले काय ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की हलगीवाल्यांनी हलगीला हात घातला आणि पाजी वरनं गरजले, “थांबा रं. आधी हिला खाली ठेवू द्या.”

ट्रॉली खाली ठेवली. मगच वाजली.

दादा साखळी हातात घेऊन तसेच उभे होते. हरलेले होते, हे आता खरं होतं. चिडले असतील असं मला वाटलं. त्यांनी जमलेल्या माणसांकडं बघितलं आणि मोठ्यानं, सभेतल्या आवाजात म्हणाले, “ह्यानं मलाबी काढलंय कालव्यातनं. दारूबंदीचं भाषण केलं त्याच दिवशी. धा वर्सं झाली, ह्याच्या तोंडातनं शब्द न्हाई. आन मी ह्याला बाहेरचा म्हटलं.” मग माझ्याकडं वळले. “आन ही पोरगी आता हे छापणार.”

मी पाजींकडं बघितलं. ते खाली उतरून पट्ट्याची घडी घालत होते. म्हणाले, त्यानं सांगितलं, आता ते त्याचं.

म्हणून मी इथं लिहिते आहे. तरी नावं घातलेली नाहीत, ना दादांचं, ना ड्रायव्हरचं, ना खिडकीतनं बाहेर आलेल्या नवरदेवाचं. पाजी हे वाचणार आहेत, आणि माझ्याकडं कागद संपले तरी त्यांच्याकडं ऑईलची कांडी आहे.

तेवढ्यात काकी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून, डबा छातीशी धरून तिथं पोचल्या. त्यांना वाटेतच कळलं होतं. त्यांनी पाजींकडं बघितलं, दाढीतला गुलाल पदरानं झटकला, आणि मला म्हणाल्या, “त्या कराडवाल्याला फोन लाव. क्रेन इकायची न्हाई म्हण.”

मी लावला. गिऱ्हाईक निम्म्या वाटेत होतं. ते चिडलं, मीही चिडले, बरं वाटलं.

मग पोरांना आठवण झाली की सत्कार राहिला. पाजींना क्रेनखाली उभं केलं, वर बघायला लावलं, आणि हार उचलायला गेले तर तिथं नुसता दोर होता, त्याला दोन-चार शेंडे, आणि शेजारी चार बैल डोळे मिटून रवंथ करत उभे. एका पोराला रडूच फुटलं. दादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, माझ्या मांडवात पेढे हायत, आता ते तरी कुनी खायाचं?

काकींनी डबा उघडला, पाजींच्या हातावर मेथीची भाकरी ठेवली, अर्धी मोडून दादांना दिली. मग माझ्याकडं वळल्या. “आन तू गं. लिवाय-वाचाय येतंय ना? पुढच्या टायमाला हार झेंडूचा सांग. बैलं झेंडू खात न्हाईत.”

पाजी तोंडात घास घेऊन, ट्रॉलीच्या चाकाखाली वाकून बघत होते. तिथनंच म्हणाले, “खात्यात.”